वॉटरपोलोत जगात पहिला आलेल्या माणसाचं पुढे काय झालं?

एका पालकांनी विचारलं आहे: मुलगा सतरा वर्षांचा, यंदा राज्याच्या वॉटरपोलो संघात निवड झाली, आणि संघाचे निम्म्याहून जास्त गोल तो एकटा करतो. घरी मात्र रोज वाद. या खेळात माणूस अगदी जगात पहिला आला, तरी पुढे त्याचं काय होतं? अंगातली रग संपल्यावर तो करतो काय? आणि यासाठी बारावीचं वर्ष पणाला लावायचं का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी खेळाडू आणि मग प्रशिक्षक म्हणून माझं आयुष्य टँकच्या काठावर गेलं. "पुढे काय?" हे मी इतक्या आईबापांच्या तोंडून ऐकलंय की "खेळाने शिस्त लागते" एवढं सांगून तुमची बोळवण करणं मला जमणार नाही. त्यापेक्षा या खेळात खरोखर जगात पहिला आलेल्या एका माणसाचं आयुष्य तुमच्यापुढे मांडतो. त्याच्याच संघातल्या, तेच सुवर्णपदक गळ्यात घातलेल्या आणखी दोघांचंही मांडतो, कारण एकट्याची हकिकत सांगून थांबलो तर तुमची दिशाभूल होईल.

माणसाचं नाव मानुएल एस्तिआर्ते. जन्म १९६१ चा, स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या मानरेसा गावचा. बार्सिलोनापासून आत, समुद्र नसलेलं गाव. घरून पोहण्याकडे आला आणि पोहण्यातून वॉटरपोलोकडे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये तो अठरा वर्षांचा होता. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो पहिला आला, २१ गोल करून. त्यानंतर २००० च्या सिडनीपर्यंत एकही ऑलिंपिक त्याने चुकवलं नाही. सलग सहा ऑलिंपिक. वीस वर्षं.

तुमचा मुलगा खेळतो म्हणून थोडं खोलात सांगतो. एस्तिआर्ते अंगाने सडसडीत. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, म्हणजे या खेळाच्या मानाने लहानखुरा. वॉटरपोलोत तळाला पाय टेकवायचा नाही, गोलकीपर सोडला तर चेंडूला एकावेळी एकच हात लावायचा, आणि पाण्याखाली पंचाला दिसत नाही ते सगळं चालू असतं. समोरच्या गोलपासून दोन मीटरवर सेंटर म्हणून उभे राहणारे गडी शंभर किलोच्या घरातले. त्यांच्या हाती हा सापडला असता तर संपलंच होतं. म्हणून तो सापडतच नसे. सतत हलता, सतत दोन हात लांब, आणि चेंडू सुटला की पहिल्या चार स्ट्रोकमध्येच पुढे.

गोल मारण्याची त्याची पद्धत मी आजही पोरांना दाखवतो. गोलकीपर पाण्यातून वर उचलला जातो तो पायांच्या जोरावर, एगबीटरवर, म्हणजे दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवून. छातीपर्यंत वर येऊन तो फार तर एखादा क्षण टिकतो, मग खाली बसतो. पुन्हा वर यायला त्याला पाय नव्याने घ्यावे लागतात. एस्तिआर्ते हात मागे नेऊन मारल्यासारखं करायचा, कीपर उठायचा. हा मारायचा नाही. पुन्हा हात हलवायचा, कीपर पुन्हा उठायचा, पण आता अर्धाच. तिसऱ्यांदा कीपर खाली बसत असताना चेंडू गेलेला असायचा. तोवर याचे स्वतःचे खांदे पाण्याबाहेर स्थिर. बघणाऱ्याला वाटतं ही हाताची करामत आहे. सगळी करामत पायांत आहे. गोल अवघा तीन मीटर रुंद आणि पाण्यापासून नव्वद सेंटिमीटर उंच असतो, तेव्हा नुसत्या जोरावर रोज कोणी गोल मारू शकत नाही.

पैशाच्या दृष्टीने त्या काळी इटलीची लीग सगळ्यात भारी होती, आणि तो तिकडे गेला. पेस्कारा या गावच्या क्लबला त्याने १९८७ मध्ये इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं, मग युरोपियन चषक. पुढे साव्होनाकडून आणखी विजेतेपदं. इटालियन भाषा शिकला, तिथलाच होऊन राहिला. ही भाषेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. १९८६ ते १९९२ अशी सलग सात वर्षं जगातला सर्वोत्तम वॉटरपोलोपटू म्हणून त्याची निवड झाली. लोक त्याला पाण्यातला मॅराडोना म्हणायचे.

आता हे आकडे शांतपणे वाचा. ऑलिंपिकमधले त्याचे गोल: मॉस्को २१, लॉस एंजेलिस ३४, सोल २७, बार्सिलोना २२. चारही वेळा स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा तोच. आणि स्पेनचा क्रमांक? मॉस्कोत चौथा. लॉस एंजेलिसला चौथा. सोलमध्ये सहावा. १९८६ ची जागतिक स्पर्धा तर माद्रिदमध्ये, घरच्या पाण्यात झाली. तिथेही स्पेनला अंतिम फेरी गाठता आली नाही. १९९१ ला पर्थमध्ये जागतिक अंतिम फेरीत युगोस्लाव्हियाकडून एका गोलाने हार. जगातला सर्वोत्तम खेळाडू संघात, आणि सुवर्ण कुठेच नाही.

मग आलं १९९२ चं बार्सिलोना. या सामन्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. स्पेनचा प्रशिक्षक होता ड्रागान मातुतिनोविच, क्रोएशियाचा. त्याने संघाला अँडोराच्या डोंगरात नेऊन असा पिळून काढला की त्या शिबिराच्या आठवणी खेळाडू अजून सांगतात. संघात दोन गट होते: जुने, शिस्तीतले कातालान खेळाडू आणि माद्रिदहून आलेली तरुण, बेधडक पोरं. एस्तिआर्ते कर्णधार. पलीकडे इटली, आणि इटलीचा प्रशिक्षक रात्को रुदिच. १९८६ ला माद्रिदमध्ये जगज्जेता ठरलेल्या युगोस्लाव्ह संघाचा प्रशिक्षकही हाच होता. अंतिम सामना ९ ऑगस्टला, मॉन्टजुइकच्या टेकडीवरच्या बेर्नात पिकोर्नेल तलावात. राजा हुआन कार्लोस प्रेक्षकांत.

त्या काळी सात-सात मिनिटांचे चार डाव असत, आणि बरोबरी झाली तर पेनल्टींनी निकाल लावायची पद्धत आली नव्हती. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग जादा खेळायचे, तरीही बरोबरी असेल तर पुन्हा दोन, मग पुन्हा दोन. जादा वेळेत स्पेनला पेनल्टी मिळाली. एस्तिआर्तेने मारली आणि स्पेन ८-७ ने पुढे गेला. घड्याळात ४२ सेकंद उरले होते. इटलीने तेवढ्यात बरोबरी साधली. सामना तिसऱ्या जादा वेळेपर्यंत गेला. म्हणजे २८ मिनिटं नियमित आणि १८ जादा, एकूण ४६ मिनिटं. घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबतं, त्यामुळे पाण्यातला खरा वेळ त्याहून कितीतरी जास्त. शेवटी इटलीच्या गांदोल्फीने गोल केला, ९-८. अखेरच्या क्षणी स्पेनचा फटका आडव्या खांबाला लागून परत आला.

आपल्या गावात, आपल्या राजासमोर, इतक्या जवळ येऊन हरणं. त्या रात्री तो तिशीला टेकलेला होता. थांबला असता तरी कोणी बोट ठेवलं नसतं.

तो थांबला नाही, आणि इथे त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा बदल झाला. नंतर त्याने स्वतः मोकळेपणाने सांगितलंय की वर्षानुवर्षं तो गोलांच्या यादीत पहिला होता आणि संघ जिंकत नव्हता. त्याने ती यादी सोडली तेव्हा संघ जिंकायला लागला. पाण्यात याचा अर्थ काय, ते मी खेळाडू म्हणून सांगतो. आपल्याला चेंडू मिळणार नाही हे माहीत असूनही कट मारायचा, म्हणजे एकदम गोलकडे मुसंडी मारायची, कारण आपल्यामागे बचावपटू येतो आणि दुसऱ्याला जागा मिळते. हल्ला फसला की सगळ्यांआधी परत फिरायचं. प्रतिस्पर्ध्याच्या सेंटरला धरायचं, म्हणजे दोन-दोन मिनिटं नाकातोंडात पाणी, पाठीवर कोपर, आणि गोलांच्या रकान्यात काहीच नाही. चौतिसाव्या वर्षी, जगात पहिला असण्याची सवय लागलेल्या माणसाने हे मनापासून करणं सोपं नाही. माझ्या हाताखालच्या किती मुलांना ते विसाव्या वर्षीही जमत नाही, हे मी रोज बघतो.

१९९६, अटलांटा. नवा प्रशिक्षक जोआन जाने. उपांत्य फेरीत हंगेरी, अंतिम फेरीत क्रोएशिया. स्पेनने अंतिम सामना ७-५ ने जिंकला. एस्तिआर्तेचे त्या ऑलिंपिकमधले गोल होते १३. पाच ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच तो गोलांच्या यादीत अव्वल नव्हता, आणि गळ्यात पहिलं सुवर्ण होतं. दोन वर्षांनी, १९९८ ला पर्थमध्ये, हंगेरीला हरवून जागतिक विजेतेपदही आलं. सिडनीत २००० मध्ये उद्घाटनाला स्पेनचा झेंडा त्याच्या हाती होता. तिथे स्पेन चौथा आला, याचे गोल दहा, आणि तो थांबला. देशासाठी साडेपाचशेहून अधिक सामने, दीड हजाराहून अधिक गोल.

तुमचा खरा प्रश्न इथून सुरू होतो: पुढे काय?

सिडनीतच तो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला आणि २००६ पर्यंत त्याने ते काम केलं. त्यानंतर त्याच्या आयुष्यात फुटबॉल आला. पेप ग्वार्डिओलाचं नाव तुमच्या मुलाला नक्की माहीत असेल. ग्वार्डिओला सान्तपेदोरचा, मानरेसापासून हाकेच्या अंतरावरचं गाव. १९९२ च्या त्याच ऑलिंपिकमध्ये ग्वार्डिओलाने स्पेनकडून फुटबॉलचं सुवर्ण मिळवलं होतं. पुढे तो इटलीत ब्रेशियाकडून खेळायला गेला, तिथे त्याच्यावर डोपिंगचा आरोप आला. वर्षानुवर्षं खटला चालला आणि शेवटी तो निर्दोष ठरला. त्या सगळ्या काळात एस्तिआर्ते त्याच्या पाठीशी उभा होता. इटली, तिथली माणसं, तिथली भाषा, सगळं याच्या ओळखीचं होतं.

२००८ मध्ये ग्वार्डिओला बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला तेव्हा त्याने एस्तिआर्तेला बोलावून घेतलं. कागदावर पद बाह्य संपर्क प्रमुखाचं. प्रत्यक्षात काम असं की मुख्य प्रशिक्षकापर्यंत जे जे पोहोचू नये ते वाटेतच अडवायचं, आणि जे पोहोचायलाच हवं ते योग्य वेळी पोहोचवायचं. २०१३ ला बायर्न म्युनिक, २०१६ ला मँचेस्टर सिटी, दोन्हीकडे तो बरोबर गेला. ग्वार्डिओला फुटबॉलचा विचार बाजूला ठेवून जास्तीत जास्त बत्तीस मिनिटं बसू शकतो, असं एस्तिआर्तेचं निरीक्षण आहे. त्याने त्याला 'बत्तीस मिनिटांचा नियम' असं नावच देऊन टाकलंय. समोरचं माणूस इतकं बारकाईने बघणं ही त्याची पाण्यातली विद्या आहे. कीपर कुठल्या क्षणी खाली बसतो हे वीस वर्षं पाहणाऱ्याला थकलेला माणूस चेहऱ्यावरून कळतो.

फुटबॉलमध्ये त्याला कोणी डावपेच विचारायला ठेवलेलं नव्हतं, आणि त्याला त्याचं वाईट वाटल्याचं कधी दिसलं नाही. एकेकाळचा जगातला पहिला खेळाडू दुसऱ्याच्या बाकावर, दुसऱ्याच्या खेळात, मागे उभा राहून काम करत आला. मेस्सीसारख्या खेळाडूंच्या आसपास वावरताना त्याच्यापाशी सांगण्यासारखं एक होतं, ते अटलांटाचं: मी पहिला होतो तेव्हा हरत होतो. हे फक्त तोच सांगू शकत होता, कारण आधी तो खरंच पहिला होता.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे काम त्याला मैत्रीतून मिळालं. प्रत्येक ऑलिंपिक विजेत्याच्या शेजारच्या गावात एखादा ग्वार्डिओला जन्माला येत नाही. त्याच सुवर्णविजेत्या संघातल्या बाकीच्यांची वाट बघितलीत तर हे लगेच कळेल.

हेसूस रोयान. माद्रिदचा, १९६८ चा जन्म, स्पेनचा गोलकीपर. अटलांटाचं सुवर्ण जितकं कोणाचं असेल तितकं त्याचं. आपल्या काळातला जगातला सर्वोत्तम कीपर म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. १९८८ पासून २००४ च्या अथेन्सपर्यंत पाच ऑलिंपिक खेळला. मोठ्या मनाचा, हसरा, ज्याच्याभोवती माणसं जमतात असा. खेळ संपल्यावर त्याला नैराश्याने गाठलं. बार्सिलोनाजवळच्या ला गारीगा इथे तो उपचार घेत होता आणि तिथेच ११ मार्च २००६ ला त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय ३७. अशा मृत्यूला एक कारण चिकटवणं चुकीचं आहे, आणि मी ते करणार नाही. नैराश्य हा आजार आहे. चांगल्या डॉक्टरांच्या हाताखालीही कधी कधी तो माणसाला नेतो. पण अथेन्स आणि त्या दिवसात दोन वर्षांचंही अंतर नव्हतं, हे प्रशिक्षक म्हणून माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरा पेद्रो गार्सिया आग्वादो. तोही माद्रिदचा, तोही १९६८ चा, अटलांटाचा सुवर्णविजेता. खेळत असतानाच दारू आणि कोकेनच्या आहारी गेला होता, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. पदकं मिळत होती म्हणून ते झाकलं गेलं. कारकीर्द संपत आली तेव्हा तो उपचारांना दाखल झाला आणि त्यातून बाहेर आला. पुढे व्यसनमुक्तीचंच काम शिकला. स्पेनच्या टीव्हीवर घरच्यांशी उभा दावा मांडलेल्या, हाताबाहेर गेलेल्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना वळणावर आणण्याचा त्याचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. आज तिथल्या तरुण पिढीतले बरेच जण त्याला त्या कार्यक्रमामुळे ओळखतात, त्याला सुवर्णपदक आहे हे त्यांना नंतर कळतं.

तिघं एकाच तलावात, एकाच शिबिरात घडले. पदक एकच. मग फरक कुठे पडला? रोयानच्या आजाराला मी यात ओढणार नाही, पण एस्तिआर्तेबद्दल माझं मत ठाम आहे. त्याची निवृत्ती २००० ला झाली, तरी तिची तयारी १९९२ नंतरच सुरू झाली होती. आपण पहिले नसलो तरी आपली गरज लागते, हे त्याने पाण्यात असतानाच आठ वर्षं अनुभवलं. त्यामुळे टोपी काढून ठेवल्यावर त्याला अनोळखी प्रदेशात उतरावं लागलं नाही. त्यात इटलीची वर्षं, दुसरी भाषा, पाण्याबाहेरची माणसं. बहुतेक खेळाडूंना आपण गोल करणारा याखेरीज दुसरी ओळखच नसते, आणि ती एका दिवसात जाते. वॉटरपोलोत हे जास्तच बोचतं, कारण एवढा मोठा खेळाडू रस्त्याने गेला तरी कोणी वळून बघत नाही. क्रिकेटपटूला निदान समालोचन असतं, उद्घाटनं असतात.

हंगेरीत हे थोडं वेगळं आहे, कारण तिथे वॉटरपोलो हा लोकांचा खेळ आहे. डेझो ग्यारमाती १९४८ ते १९६४ पाच ऑलिंपिक खेळला आणि पाचही वेळा पदक घेऊन आला, त्यात तीन सुवर्णं. मग प्रशिक्षक म्हणून १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये सुवर्ण. साम्यवादी राजवट गेल्यावर १९९० मध्ये तो खासदारही झाला. त्याची बायको एव्हा सेकेय १९५२ ची ऑलिंपिक जलतरण विजेती, मुलगी आंद्रेआ १९७२ ची पदकविजेती. सगळं घरच पाण्यातलं. त्याचाच १९५६ चा सहकारी एर्विन झादोर, ज्याचा रक्तबंबाळ चेहरा सोव्हिएत संघाविरुद्धच्या मेलबर्नच्या सामन्यानंतर जगभर छापून आला, तो हंगेरीत न परतता अमेरिकेत गेला आणि पोहणं शिकवू लागला. त्याच्याकडे शिकलेल्या पोरांत पुढे जगप्रसिद्ध जलतरणपटू झालेला लहानगा मार्क स्पिट्झ होता.

आपल्याकडे काय? भारताने १९५१ च्या पहिल्या आशियाई खेळांत दिल्लीत वॉटरपोलोचं सुवर्ण जिंकलं होतं, १९७० ला बँकॉकमध्ये रौप्य, १९८२ ला दिल्लीत कांस्य. आज हे सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत. सचिन नाग १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या वॉटरपोलो संघात होते, आणि १९५१ ला शंभर मीटर फ्रीस्टाइल जिंकून आशियाई खेळांतलं भारताचं पहिलं सुवर्ण त्यांनीच आणलं. ते १९८७ मध्ये गेले. ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० मध्ये. त्यांच्या वाट्याला हे आलं, तर इतरांचं बोलायलाच नको. इथे वॉटरपोलो खेळून पैसा मिळत नाही. सेनादल, रेल्वे, पोलीस इथे खेळाडूंना नोकरी मिळते आणि आपले बहुतेक चांगले वॉटरपोलोपटू तिथेच आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्पर्धेतला कितवा क्रमांक धरला जातो याचे नियम बदलत असतात. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र आणि निकालपत्र आजपासून एका फायलीत लावा. ऐन अर्जाच्या वेळी कागद सापडत नाहीत म्हणून हातची संधी गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता तुमच्या मुलाबद्दल. निम्म्याहून जास्त गोल तो करतो, ही कौतुकाची गोष्ट आहे आणि काळजीचीही. आपल्याकडचे बहुतेक तलाव एका बाजूला उथळ, त्यामुळे सरावात मुलं नकळत उभी राहतात आणि ज्याचा हात चांगला तो गोल मारत सुटतो. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत सगळीकडे खोल पाणी असतं, समोर सेनादलाचा तयार गडी असतो, आणि तोच मुलगा पहिल्या डावातच दमतो. त्याच्या प्रशिक्षकांशी बोला. पुढचे काही महिने त्याला प्रतिस्पर्ध्याच्या सेंटरला धरायला लावा. घरी तुम्ही "किती गोल?" असं विचारणं थांबवा. किती मेजर (समोरच्याला काही वेळ बाहेर बसवणारे मोठे फाउल) मिळवून दिले, किती वेळा पहिला परत आला, कोणाला पास दिला, हे विचारा. सुरुवातीला तो चिडेल. चिडू द्या.

खांद्याकडे लक्ष ठेवा. पोहणं आणि फेकणं हे दोन्ही एकाच सांध्यावर येतं, आणि सतराव्या वर्षी दुखरा खांदा लपवायची मुलांना फार हौस असते. रबर बँडचे खांद्याचे व्यायाम रोज, चेंडू हातात घेण्याआधी. हात डोक्यावर नेताना चेहरा वाकडा झाला तर त्या दिवशी फेकणं बंद आणि फिजिओथेरपिस्टकडे. एगबीटरमुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूलाही दुखतं. तिथे कंबरेचा लवचिकपणा वाढवला तर बराच फरक पडतो.

निवड हुकली किंवा संघातून नाव गेलं तर पहिले काही आठवडे त्याच्याकडे नीट बघा. झोप, जेवण, मित्र. गप्प बसणं ही मुलांची रीत असते, पण झोप उडाली, टँकवर जाणं टाळायला लागला, "काही अर्थ नाही" असं बोलायला लागला, तर डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. रोयानबद्दल एवढं लिहिलं ते यासाठीच.

पाण्याबाहेरची दुसरी ओळख आत्ताच सुरू करायची तर दोन सोप्या वाटा आहेत. एक, पंचाचं काम: जिल्हा पातळीवर स्कोअर टेबलवर बसायला त्याला आजच पाठवा. नियम पंचाच्या बाजूने बघितले की स्वतःचा खेळही सुधारतो. दुसरी, लहान मुलांना शिकवणं, रविवारी एक तास. पदवीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा डिप्लोमा, शारीरिक शिक्षण किंवा फिजिओथेरपी हे सगळे रस्ते खुले राहतात. पण त्यासाठी बारावी लागते.

म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बारावी पणाला लावू नका. शिबिराच्या संभाव्य तारखा संघटनेकडून आत्ताच मागून घ्या, आणि परीक्षेच्या तारखांचं कॉलेजचं पत्र प्रशिक्षकांकडे लेखी द्या. वेळेत पत्र मिळालं तर बहुतेक प्रशिक्षक मार्ग काढतात, आदल्या दिवशी फोन केला तर कोणीच काढत नाही. परीक्षेच्या काळात आठवड्यातून तीन सकाळी चाळीस मिनिटं टँकवर पाठवा, फक्त पायांचं काम: हात पाण्याबाहेर धरून एगबीटर, मग उड्या, मग पुन्हा एगबीटर. फेक दोन महिन्यांनी पहिल्या आठवड्यात परत येते, पाय गेले तर हंगाम जातो. त्या दोन महिन्यांत चेंडू घरीच राहिला तरी चालेल.